दिवाणजी अडून बसले

(अप्पा डोळ्यांच्या दवाखान्यात खाटेवर, एका डोळ्याला पट्टी. सून घरी, शिवणयंत्रापाशी. दोघं फोनवर.)

सून : ते राहू द्या. तुमचा डोळा ठीक आहे, मघाशीच सांगितलंत. आता मला एवढंच सांगा, दिवाणजी शी कशी करतात?

अप्पा : हे काय विचारणं झालं? पोपट करतात तशी करतो.

सून : करत नाहीत, म्हणून विचारतेय. सकाळी तुम्ही गेलात तेव्हापासून थेंब नाही. पिंजऱ्यातला कागद कोरा, फरशी कोरी, माझ्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर ठिपका नाही.

अप्पा : मग बरंच की. तुझी तर किती दिवसांची इच्छा.

सून : अप्पा, चेष्टा नको. पोपटाला दर पंधरा-वीस मिनिटांनी लागते, त्याला दम निघत नाही, हे तुम्हीच मला ऐकवायचात. आता दुपार टळत आली. अंग फुगवून बसलाय. पेरूची फोड दिली तर चोचीत धरली आणि टाकून दिली. नुसती शेपटी वरखाली करतोय आणि दाराकडे बघतोय.

अप्पा : दाराकडे? अरे देवा.

सून : अरे देवा काय?

अप्पा : माझी वाट बघतोय तो.

सून : वाट मीही बघतेय. म्हणून माझं काही अडलं नाही.

अप्पा : तसं नाही गं. मी सांगितल्याशिवाय तो करणारच नाही. शिकवलंय मी त्याला.

सून : शिकवलंय? अहो, पक्ष्यांच्या डॉक्टरांना आत्ता फोन केला होता मी. त्यांनी पहिलं हेच विचारलं, याला हुकमावर करायला कोणी शिकवलंय का? मी म्हटलं, छे, आमच्या घरी एवढं रिकामं कोणी नाही.

अप्पा : काय म्हणाले ते?

सून : म्हणाले, तसा पक्षी हुकूम मिळेपर्यंत धरून ठेवतो, आणि एखादा त्यातच जातो. संध्याकाळपर्यंत झाली नाही तर घेऊन या म्हणाले. कशाला असलं शिकवलंत हो?

अप्पा : तो पांढरा कोट आठवतो तुला? गिऱ्हाईक दारात उभं, कोट इस्त्री करून टांगलेला, आणि दिवाणजींनी नेमकी कॉलरवर मोहोर उठवली. तू म्हणालीस, अप्पा, या घरात एक तर हा पक्षी राहील, नाहीतर माझं शिवणकाम.

सून : रागात बोलले मी.

अप्पा : रागात बोललीस, खोटं नाही बोललीस. तुझी सासू गेली आणि मी एक पिंजरा घेऊन तुमच्याकडे आलो. दिवसभर माझ्याशी बोलायला तोच एक. त्याला कुठे सोडू? म्हटलं, जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली, भल्याभल्यांना सरळ केलं, हा तर मूठभर जीव.

सून : म्हणून घडीघडीला त्याला घेऊन मोरीत जायचात! हल्ली कुठे डाग दिसायचा नाही, तर वाटायचं तुम्हीच मागोमाग पुसता. आणि मला वाटायचं, अप्पांचं पोट बिघडलंय. मऊ भात काय, ताक काय.

अप्पा : मुकाट्याने खाल्ला की नाही?

सून : हसू नका. काय म्हणता त्याला, ते सांगा आधी.

अप्पा : सिस्टर इथेच उभ्या आहेत गं.

सून : उभ्या असू देत.

अप्पा : शेवटचा थांबा, सगळ्यांनी उतरून घ्या.

सून : काय?

अप्पा : मोरीत कागद पसरायचा, त्याला बोटावर धरायचं आणि म्हणायचं, शेवटचा थांबा, सगळ्यांनी उतरून घ्या. झाली की सूर्यफुलाचा एक दाणा.

सून : कमाल झाली तुमची. चला दिवाणजी, मोरीत चला. शेवटचा थांबा, सगळ्यांनी उतरून घ्या. उतर ना रे सोन्या, मी काय तुझी वैरीण आहे का? अप्पा, हा माझ्याकडे असा बघतोय, जसं काही मीच विनातिकीट चढलेय.

अप्पा : विनवू नकोस. कंडक्टर कधी विनवतो का? आवाज पोटातून काढ.

सून : शेवटचा थांबा, सगळ्यांनी उतरून घ्या. नाही हो. तुम्हीच बोला. स्पीकर लावून फोन त्याच्यापुढे धरते.

अप्पा : इथे? अख्खा वॉर्ड झोपलाय.

सून : आणि इथे त्याचा जीव चाललाय.

अप्पा : शेवटचा थांबाऽऽ, सगळ्यांनी उतरून घ्याऽऽ.

सिस्टर : आजोबा, काय चाललंय हे? ओरडायचं नाही म्हणून बजावलंय ना, डोळ्यावर ताण येतो. बघा, खिडकीजवळच्या आजोबांनी पाय खाली सोडले. पिशवी शोधतायत बिचारे.

अप्पा : त्यांना म्हणावं बसा, तुमचं ठिकाण यायचंय अजून. सिस्टर, घरी पोपट अडलाय हो. माझ्या हुकमाशिवाय शी करत नाही, आणि केली नाही तर जाईल तो.

सिस्टर : मी पंचवीस तऱ्हेचे पेशंट बघितले, पण हे नवीन. बरं, म्हणा आणखी एकदा. पण हळू.

सून : अप्पा, तुमचा आवाज ऐकून मान वर केली त्याने. फोनच्या मागे जाऊन बघून आला, तुम्ही आहात का म्हणून. पण केली नाही. उलट आणखीच गच्च बसला. काहीतरी राहतंय. नीट आठवा, आणखी काय करता तुम्ही?

अप्पा : काही नाही गं. कागद पसरतो, याला धरतो, टकटक करतो, मग...

सून : टकटक कसली?

अप्पा : तिकिटाला भोक पाडायचा माझा जुना चिमटा. आधी तो दोनदा वाजवायचा, मग तोंडाने बोलायचं. हात आपोआप करतो ते, सांगायचं सुचलंच नाही.

सून : कुठे आहे तो?

अप्पा : माझ्या सदऱ्याच्या खिशात. आणि सदरा यांनी कुलपात ठेवलाय. सिस्टर, जरा किल्ली...

सून : किल्ली राहू द्या. एक मिनिट. माझी मोठी कात्री आहे. दिवाणजी, इकडे बघा. टक, टक. शेवटचा थांबा, सगळ्यांनी उतरून घ्या.

अप्पा : काय झालं? सूनबाई? अगं बोल काहीतरी.

सून : झाली. अप्पा, झाली! केवढी केली हो! मनगटावर, बाहीवर, पार कोपरापर्यंत. आणि आता पंख फडफडवतोय. शीळ घालतोय, ऐका.

अप्पा : ऐकतोय. सिस्टर, झाली.

सिस्टर : झाली? अहो खिडकीजवळचे आजोबा, झाली म्हणे. पडा आता.

अप्पा : रडतेस का गं?

सून : छे. हो, थोडीशी. अंगावर शी झाली म्हणून एवढा आनंद मला माझ्या पोरांच्या वेळी झाला नव्हता. पण अप्पा, हा हुकूम आता बंद. सवय मोडायलाच हवी म्हणाले डॉक्टर.

अप्पा : मोडली की पुन्हा घरभर करेल. माझं ऐक, मी ठरवलंय. इथून सुटलो की त्याला घेऊन परस्पर तुझ्या नणंदेकडे जातो. तिच्याकडे मोकळा व्हरांडा आहे, लोकांचे कपडे टांगलेले नाहीत.

सून : आणि इथे मी एकटी यंत्राशी बडबडत बसू? परस्पर कुठेही जायचं नाही. कपड्यांपुढे मोठा पडदा शिवते. लोकांचं एवढं शिवते, घरासाठी एक शिवून होणार नाही का?

अप्पा : पडद्यावर करेल तो.

सून : मग पडदा धुवीन. तुमची खोली झाडून ठेवलीय मी, उद्या सरळ... अगंबाई.

अप्पा : काय झालं?

सून : पुन्हा केली. मी काही बोललेसुद्धा नाही, अप्पा. कात्री खाली ठेवलेली आहे.

अप्पा : आपणहून? अगं, कुठे केली?

सून : कुठे का असेना.