पाच वाजेपर्यंतची हरकत

ऑर्नेला : मला वाटलं, नेहमीसारखी चेष्टा करतोयस. तू फोनवर म्हणालास, "डॉक्टरबाई, नौदलाच्या सरावाचा कागद फिरतोय, पाचपर्यंत हरकत घ्या."

फुल्विओ : आणि तुम्ही म्हणालात, "कागदी मासा दुसऱ्या कुणाच्या पाठीला चिकटव."

ऑर्नेला : एक एप्रिल होता, फुल्विओ. पोरं एकमेकांच्या पाठीला कागदी मासे चिकटवून फसवतात तो दिवस.

फुल्विओ : म्हणून तर फोन तीनदा केला.

ऑर्नेला : तिन्ही वेळा मागे कुणीतरी खिदळत होतं.

फुल्विओ : मीच. घाबरलो की मला हसू येतं. आईला पुरतानाही आलं होतं, भावानं थोबाडीत मारली.

ऑर्नेला : गेल्या वर्षी ॲडमिरलच्या नावानं पत्र धाडलंस. देवमाशांनी रजेचे अर्ज तीन प्रतींत भरावेत म्हणून.

फुल्विओ : तुम्ही अर्जाचा नमुना मागायला वर फोन केलात. सगळं स्पेत्सिया बंदर आठवडाभर हसलं त्याच्यावर.

ऑर्नेला : यंदा फसायचं नाही, ठरवलं होतं मी. पण ब्रसेल्समध्ये, लष्करी युतीच्या कचेरीत, आपल्या देशाचा माणूस बसतो ना? त्याला सांगायचंस.

फुल्विओ : सांगितलं की. तो म्हणतो, पाण्यातले माइक दुरुस्त करणाऱ्याच्या शब्दावर देश हरकत घेत नसतो. बाईंना नुसतं "थांबा" म्हणायला सांग, पुढचं मी बघतो.

ऑर्नेला : एक शब्द.

फुल्विओ : तिथली रीतच तशी. हात वर करायला नको, सही नको. घड्याळात पाच वाजले, कुणी बोललं नाही, की सगळ्या युतीला मंजूर.

ऑर्नेला : पण सरावाला समुद्राखालची हीच दरी का? एवढा समुद्र पडलाय.

फुल्विओ : ही बेसनाची फारिनाता खा. गार होतेय.

ऑर्नेला : फुल्विओ.

फुल्विओ : पान चारवर तुमचा नकाशा लावलाय. तळ मोजलेला, कुठल्या थरातून आवाज किती लांब जातो तेही आयतं लिहिलेलं. पाणबुड्या हुडकायच्या तालमीला याहून बरी जागा नाही म्हणे. खाली तुमचे आभार मानलेत. नाव मात्र चुकलंय.

ऑर्नेला : ही जागा टाळा, एवढंच सांगायला दिला होता तो. अकरा वर्षं घातली मी त्यात.

फुल्विओ : नौदलाच्याच बोटीवर बसून, बाई. माझीही गेली अकरा.

ऑर्नेला : मागच्या सरावात सात देवमासे किनाऱ्याला लागले. आवाजाला बिचकून एकदम वर आले. कानांत रक्त होतं. दहाला सुरू करणार ना? वाजले का?

फुल्विओ : वाजतायत. नका ना ऐकू.

ऑर्नेला : माइक लाव.

(कर्ण्यातून समुद्राची खरखर, तिच्यात बारीक टकटक.)

फुल्विओ : आपली फाटक्या शेपटीची ना ही?

ऑर्नेला : हो. आणि मागे घाईघाईनं टकटकतंय ते तिचं पिल्लू. शिकार शोधायला शिकतंय.

फुल्विओ : आता ही शिट्टी कसली?

ऑर्नेला : जहाजांचं सोनार. सुरू झालं.

फुल्विओ : टकटक गेली. वायर सुटली असेल, थांबा, बघतो.

ऑर्नेला : बस खाली. वायर ठीक आहे.

फुल्विओ : मग बोलत का नाहीत ती?

ऑर्नेला : घाबरली की गप्प होतात.

फुल्विओ : बाई, मी हसत नाहीये. खरंच नाही हसत.

ऑर्नेला : माहितीय. वही घे. दहा वाजून चार मिनिटं. लिही, कुणाचीही हरकत आली नाही.