फुंकून पाहिलेला सेन्सर

मी, वय २५ वर्षे, धंदा वडिलांबरोबर दवाखान्यातील यंत्रांची दुरुस्ती, राहणार जुन्या बर्फ कारखान्यामागे, वरचा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, व्हेंटिलेटरचे काम मी लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली शिकले. पुढे कंपनीच्या वर्गात जाऊन परीक्षाही दिली.

मंगळवारी सकाळी आम्ही अतिदक्षता विभागातील खिडकीजवळच्या व्हेंटिलेटरचा फ्लो सेन्सर काढून धुतला. पेशंटकडे किती हवा जाते ते हा सेन्सर मोजतो. आत केसासारखी तापलेली तार असते. हवेने ती जितकी गार होते त्यावरून यंत्र आकडा काढते. तार सुकल्यावर तपासणी केली. आकडे बरोबर आले.

नळी जोडण्यापूर्वी सेन्सरमध्ये एकदा तोंडाने फुंकून पडद्यावरची रेघ वर जाते का, ते पाहायची वडिलांची पद्धत आहे. त्या दिवशी त्यांना खोकला होता. ते म्हणाले, "तू फुंक." तोंडाचा ओलावा तारेवर बसला तर ती जास्त गार होते, आणि हवा कमी जाऊनही आकडा पुरेसा दिसतो, हे मला वर्गात शिकवले होते. मी थांबले. तिथल्या सिस्टर हसून म्हणाल्या, "काका, तुमची लेक फार घाबरते हो." वडील म्हणाले, "घाबरणारं माणूसच स्क्रू नीट पिळतं. फुंक गं." सिस्टरसमोर वडिलांची चूक काढणे माझ्या जिवावर आले. मी फुंकले. रेघ वर गेली. सेन्सर तसाच जोडला.

त्यानंतर थोड्याच वेळात एका पेशंटला ते यंत्र लावले. सिस्टरचे म्हणणे असे, की आकडा ठीक होता पण छाती वर येत नव्हती. म्हणून त्यांनी नळी काढून हाताच्या फुग्याने श्वास दिला आणि नळी काढल्यामुळे वाजणारा अलार्म बंद केला. पेशंटच्या मुलाने हे काचेतून पाहिले. सिस्टरनी आपल्या वडिलांचा श्वास तोडला, अशी त्या मुलाची तक्रार आहे. पेशंट अद्याप शुद्धीवर नाहीत.

यंत्र आमच्याकडे परत आले तेव्हा मी एकटीने सेन्सर उघडला. तारेवर डाग होता. मी तो धुऊन सुकवला, मग आकडे पुन्हा बरोबर आले. हे मी कोणालाही सांगितले नाही, वडिलांनाही नाही. नंतर दवाखान्याच्या कार्यालयात चौकशी झाली. वडील म्हणाले, "यंत्र चोख होतं. माझी पोरगी परीक्षा पास झालेली आहे, विचारा तिला." मला विचारले. मी हो म्हणून मान हलवली. समोर सिस्टर उभ्या होत्या. मला ठसका लागला तेव्हा पाणी त्यांनीच दिले.

वडिलांनी काल दिलेला जबाब खोटा नाही. त्यांना डागाची माहिती नाही. सिस्टरचे म्हणणे खरे आहे.

जबाब घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "वाचून दाखवते. दार लोटू का? वडील बाहेर बाकावर बसलेत." मी दार उघडे ठेवायला सांगितले. जबाब मोठ्याने वाचला गेला. तो मी ऐकला, मी सांगितला तसाच लिहिला आहे.