पहिला घास रानाला

दुसऱ्याच्या बोलण्याला कान देऊ नये हे रेश्माला कळत होतं. पण साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी काही येईना, आणि मागच्या बाकावर दोघीजणी विमानाचं बोलत होत्या.

“आवं आक्का, लेकीचं बाळातपण दुबईला हाय. पर इमानाचं नाव काढलं की हातपाय गळत्यात बगा.”

“तानू, माजंबी तसंच झालं. उडाय लागलं तवा खुर्ची गच्च धरली. मग इमानातल्या पोरीनं भ्या जावं म्हणून डोळ्यांवर शिनेमा दिसणारा जाडजूड चष्मा बांधला.”

“मग दिसतंय काय त्यातनं?”

“आगं, इमानच गायब! हिरवंगार रान, पाखरं, वढ्याचं पाणी. मान फिरवली की मागलं झाडबी दिसायचं.”

“आन भ्या?”

“भ्या कुटलं, भूक लागली! चाचपडत फडकं सोडलं, भाकरी मोडली आन पयला घास रानाला टाकला.”

“इमानात?”

“चष्मा काढून बगितलं तर शेजारच्या सायबाच्या मांडीवर पडलेला.”

“आगं बया! तापला असंल.”

“त्यो काय तापतोय? डोळं मिटून थरथरत बसला व्हता. म्हणलं, ‘दादा, मला बांधावर बसल्यागत वाटलं.’ तसा हसला. घास उचलून खाल्ला, आन पोरीकडं आपल्याला बी चष्मा मागितला.”

सांगलीची गाडी लागली. रेश्मा उठली नाही.

“आक्का, इमानात भाकरी न्हिऊ देत्यात न्हवं?”

“देत्यात की.”

“मग शेजाऱ्यापुरती एक जास्तीची बांधती.”