सतराव्या रचनेला मत

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. रेडिओवर नव्या शास्त्रीय रचनांसाठी श्रोत्यांचं मतदान चालू होतं आणि त्यात आजोबांचीही एक रचना होती.

“मत दिलंस का गं?”

“दिलं. पण तुमच्या रचनेला नाही हं.”

“का?”

“वर्षभर बंद दारामागून तुकडे ऐकून कान किटले माझे! परवा रेडिओवर एक लागली होती. भाजी करपली, पण मला उठवेना. तिला दिलं.”

“कुणाची होती?”

“नाव कुठं ऐकलं? सतरावा क्रमांक म्हणाले.”

आजोबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

“अहो, रागावलात?”

“सतरावी माझीच आहे गं.”

“अगंबाई! मग घरी एकदाही सलग का नाही वाजवलीत?”

“भाजी करपली असती ना!”