दरसाल पाच टक्के

(जून महिना. वनरक्षक तोकोनचं डोंगरातलं घर. बिश्केकच्या कार्यालयातून आलेली चिनारा कागद पसरून बसली आहे. तोकोनची बायको बुर्मा चुलीपाशी. किर्गीझ रीतीप्रमाणे चिनारा त्याला ‘बाइके’ (दादा) आणि तिला ‘एजे’ (ताई) म्हणते.)

चिनारा : पण बाइके, रानबकऱ्या दरसाल बरोब्बर पाच टक्क्यांनीच कशा वाढतात हो? बर्फात गाडल्या तरी पाच, गवत जळलं तरी पाच?

तोकोन : गुणी आहेत बिचाऱ्या. घे, कुमीस घे, घोडीचं दूध कालच आंबवलंय.

चिनारा : तीन वाडगे झाले. आता खरं सांगा.

बुर्मा : सांगून टाका की! पोर घोड्यावर आदळत आपटत आलीय एवढ्या वर.

तोकोन : तू गप गं. पोरी, सोव्हिएतांच्या काळी मी एकदा खरा आकडा लिहिला होता. कमी भरला. साहेब म्हणाला, योजनेत वाढ लिहिलीय आणि तुझ्या बकऱ्या घटतात म्हणजे काय? समजाव त्यांना. तेव्हापासून पाच टक्के. सोव्हिएत गेले, साहेब गेला, पण मला थांब असं कोणी म्हणालंच नाही.

चिनारा : म्हणून आज कागदावर चारशे ऐंशी झाल्यात! राष्ट्रीय अहवालात तुमच्या खोऱ्याचं कौतुक छापलंय.

बुर्मा : अगं बाई! फोटोबिटो?

चिनारा : कौतुकावर भागलं असतं तर बरं होतं, एजे. सरकारला डॉलर हवेत. बकऱ्या उदंड झाल्या म्हणून परदेशी शिकाऱ्यांना या खोऱ्यातले चोवीस परवाने द्यायचं ठरतंय.

तोकोन : चोवीस? अगं, आहेतच एकोणीस!

बुर्मा : आम्हा दोघांना धरलं तरी तीन कमीच पडतात.

चिनारा : एकोणीस. नक्की?

बुर्मा : नक्की म्हणजे? रोज पहाटे दुर्बीण घेऊन छपरावर असतात. माझा वाढदिवस ध्यानात राहत नाही, पण प्रत्येकीचं शिंग पाठ आहे.

चिनारा : मग तसं लेखी द्या, परवाने थांबतील. पण बाइके... इतकी वर्षं खोटं लिहिलं, तेही उघड होईल. नोकरी जाईल. अंगातला हा सरकारी कोटही जमा करावा लागेल.

तोकोन : कोट तसाही खांद्यात काचतोच.

बुर्मा : अहो, जरा विचार करा.

तोकोन : चोवीस म्हणतायत, बुर्मा. म्हणजे आपली लंगडीसुद्धा. मला नाही बघवायचं ते. आण गं पोरी तो कागद. लिही, एकूण वीस.

चिनारा : बाइके! सही करता करता परत पाच टक्के?

तोकोन : नाही गं. आज पहाटे लंगडीला करडू झालं.