चार महिने मराठी बंद

२००५च्या वसंतात, वाल्डॉर्फहून हायडेलबर्गला निघालेल्या बसमध्ये मागच्या सीटवरचं जोडपं मराठीत बोलू लागलं, आणि नीलांबरीने हातातलं पुस्तक मिटलं.

"अहो, दहाव्या वर्षीच आपल्या कौमुदीला गिम्नाझियम शाळेचं दार बंद? म्हणजे पुढे विद्यापीठाची वाटही अवघड?"

"प्राथमिक शाळेने शिफारस दिली नाही. प्रवेशपरीक्षेत जर्मन राहिलं. आता काय करणार, सुनेत्रा?"

"जर्मन सुधारावं म्हणून मी चार महिने घरात मराठी बोलणं बंद केलं. आईंचा फोनसुद्धा घेऊ दिला नाही तिला."

"आता दे."

"काल दिला. आईंनी विचारलं, पेपर कसा गेला, बाळा?"

"मग?"

"ती रडत जर्मनमध्येच सांगत राहिली. आई म्हणत होत्या, मला कळत नाही गं, कळत नाही."

नीलांबरीचा थांबा आला. ती उठली नाही.