जर्मनीतलं आवक-जावकचं टेबल

मी मूळची अमरावतीची, विभागीय आयुक्तांच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली, म्हणजे आलेला कागद रजिस्टरला घ्यायचा, शिक्का मारायचा आणि ज्याचा त्याला पाठवायचा. काय सांगू तुम्हाला, इथे अमेरिकेत, चँडलरला लेकीकडे येऊन सहा वर्षं झाली, पण मी काय काम करत होते हे कोणी विचारलं नाही, नातीनंही नाही.

ही नात रेवा, इथलीच जन्मलेली, चिपच्या फॅक्टरीत इंजिनिअर, तिला जर्मनीत नोकरी लागली, ओबरफाल्त्समध्ये. मी म्हटलं, बाप्पा, हे राज्य आहे की जिल्हा? ती म्हणाली, आजी, समथिंग इन बिटवीन. मग मीच आयपॅड घेऊन बसले. बघते तर काय, आपल्यासारखाच विभाग, वर बव्हेरिया राज्य, खाली सात जिल्हे आणि तीन शहरं वेगळी, आमच्या अमरावतीत तर पाचच जिल्हे. त्यांचे आयुक्त बसतात रेगेन्सबुर्गला, डॅन्यूब नदीच्या काठी, पूर्वेला जंगल, जंगलापलीकडे दुसरा देश. पूर्वी लोखंडाच्या खाणी होत्या, आता मोटारी, चिप, आणि वर उत्तरेला तळ्यांत मासे पाळतात. मला तर नादच लागला, जावई म्हणाले, आई, तुम्हीच जा आता.

रेवा गेली, श्वानडॉर्फ जिल्ह्यात राहायला लागली, आणि राहण्याचा परवाना हातात आल्याशिवाय कामावर रुजू होता येत नव्हतं. मी शहाणी, म्हटलं, जिल्ह्याला कशाला, सरळ आयुक्तांकडे अर्ज पाठव, आमच्याकडे वरून आलेला कागद लवकर हलतो. तिनं ऐकलं माझं. आणि अर्ज द्यायचा होता जिल्हा कचेरीतच. ते कळलं तेव्हा रुजू व्हायला तीन आठवडे राहिले होते, मला घास गोड लागेना, पोरीची नोकरी माझ्या शहाणपणानं जाते की काय.

मग एक दिवस रेवानं व्हिडिओ कॉलवर आयुक्तांच्या कचेरीतून आलेलं एक पत्र धरलं आणि वाचून दाखवलं, तुमचा अर्ज जिल्हा कचेरीकडे पाठवला आहे, प्रत तुम्हाला माहितीसाठी. वर शिक्का, तारीख, खाली बारीक सही. मी ओरडलेच, अगं, हे तर माझंच काम. चुकून आलेले असे कागद मी किती पुढे पाठवले असतील, त्यांचं पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही.

परवाना वेळेत आला, सोमवारी ती रुजू झाली. संध्याकाळी फोन, आजी, सो दिस वॉज युअर जॉब? मी म्हटलं, हो गं, हेच. मग तासभर विचारत होती, मी सांगत होते.

त्या टेबलावर जो कोणी बसत असेल त्याचं भलं होवो, आणि त्यालाही घरी कोणीतरी विचारो, तू दिवसभर काय करतोस म्हणून.